विहीणबाईंना सांगितलेला एसी

आमच्या घरात एसी आहे, हे मला प्रथम माझ्याच तोंडून कळलं.

होळी नुकतीच झाली होती. नाशिकहून विहीणबाईंचा फोन आला. आमची मयुरा ही त्यांची सून. तिचा सहावा महिना संपत आलेला, आणि पहिलं बाळंतपण माहेरी या रिवाजाप्रमाणे ती एप्रिलअखेर आमच्याकडे, नागपूरला, यायची होती. इंदूने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, डिंक-मेथ्यांची जमवाजमव सुरू केली होती आणि आजोबा झाल्यावर मला कोणता चष्मा शोभेल याचा मी विचार करत होतो. एवढ्यात हा फोन.

"पाठवायला आमची काही हरकत नाही हो मनोहरराव," विहीणबाई म्हणाल्या, "पण मे महिन्यात तुमच्याकडे काय ऊन असतं म्हणे! तिचं बीपी थोडं वर जातंय. डॉक्टरांनी उष्णता सांभाळायला सांगितलंय. एसी आहे ना घरी?"

हे त्यांनी 'घराला दार आहे ना' अशा सुरात विचारलं. शिवाय त्यामागे एक न बोललेलं वाक्य होतं : नसेल तर राहू द्या, आम्ही इथेच करू बाळंतपण. नाशिकचा फोन आला की माझी भाषा इस्त्री होऊन येते आणि त्या इस्त्रीत थोडी अक्कल जळते. मी म्हणालो, "आहे ना! एसी नसायला काय झालं! सहा वर्षं झाली घेऊन."

सहा वर्षं कुठून आली, हे मला आजही सांगता यायचं नाही. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलायला लागला की तपशील भरत सुटतो. "दीड टनाचा आहे," असंही मी जाता जाता म्हणून टाकलं.

ओट्यावरचा होळीचा रंग घासत बसलेली इंदू हातातला ब्रश तसाच धरून आत आली.

"कोनाच्या घरी हाये एसी?"

"आपल्या."

"मंग मले काहून नाई दिसला सहा वर्षांत?"

मी नागपूरबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात हेडक्लार्क आहे. उन्हाळा लागला की एसीचे खोके माझ्या टेबलासमोरून चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळकडे जातात. 'उभं ठेवा, आडवं करू नका' असं मी हमालांना ओरडून सांगतो. म्हणजे एसीशी माझा संबंध जुना आहे, फक्त तो खोक्याबाहेरून आहे. घरी आम्ही कूलरवाले. आणि आमचा कूलर मे महिन्यात गार हवा देत नाही, गरम हवेला आंघोळ घालून पाठवतो.

तर एसी आणणं भाग होतं. कसा आणायचा एवढाच प्रश्न होता, आणि इथे माझं तत्त्व आडवं आलं. उधारीची वस्तू उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. आधी साठवा, मग आणा. आमचा फ्रिज, लोखंडी कपाट, शिलाई मशीन, माझी स्कूटर, एकूण एक वस्तू रोखीची आहे. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. कोणी विचारत नाही, तरी सांगतो. पगार इंदूच्या हातात द्यायचा, तिने काटकसर करायची आणि मी तत्त्व सांभाळायचं, अशी आमच्याकडे कामाची वाटणी आहे.

मयुराच्या दवाखान्याचे पैसे बाजूला काढलेले होते. त्यांना हात लावायचा प्रश्नच नव्हता. उरलेल्यातून साठवायला बसलो तर एसी दिवाळीला येत होता.

"बाळ काई दिवाळीची वाट पाहनार नाई," इंदू म्हणाली. "हप्त्यानं आना. सारी दुनिया आनून राहिली."

"हप्त्यानं? माह्या घरात?"

"नाई तं विहीनबाईले सांगा, एसी चोरीले गेला म्हनून."

खरं सांगायचं तर हा मार्ग मी थोडा वेळ मनात घोळवून पाहिला. पण सहा वर्षांचा दीड टनी एसी चोरणाऱ्या चोराबद्दल विहीणबाईंनी आणखी चार प्रश्न विचारले असते.

आमच्या शेजारी, भिंतीला भिंत लावून, शालिकराम राहतात. त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्यांच्या घरात सगळं काही हप्त्यावर आहे. टीव्ही हप्त्यावर, दोन दारांचा फ्रिज हप्त्यावर, एसी हप्त्यावर, आणि गेल्या दसऱ्याला त्यांनी अंग रगडून देणारी एक विजेची खुर्ची आणली, तीही हप्त्यावर. घरात पूर्ण स्वतःची अशी वस्तू एकच, ती म्हणजे त्यांच्या बायकोचा, पंचफुलाबाईंचा, पाटा-वरवंटा. माझी अडचण त्यांना भिंतीतूनच कळली असावी, कारण संध्याकाळी ते न बोलावता आले.

"मनोहरराव, तुमी गा जुन्या जमान्यातले," ते म्हणाले. "साठवून घेनारा मानूस वस्तू वापरायच्या आधी मरते. हप्तेवाला मरत नाई. त्याले मरू देत नाईत."

"मले गरज नाई हप्त्याची," मी म्हणालो. "मी दीड महिन्यात साठवून दाखवतो."

अशा रीतीने आमची बचत मोहीम सुरू झाली. स्कूटर बंद, गोदामातून घरी पायी. टपरीवरचे तर्री-पोहे बंद. पेपर बंद, तो शालिकरामांच्या ओट्यावर जाऊन वाचायचा, म्हणजे त्याबरोबर त्यांचा सल्लाही वाचायचा. बिस्किटाच्या एका रिकाम्या डब्यात रोजची बचत पडू लागली. डबा हलवला की आतून जो आवाज यायचा तो ऐकून मला स्वतःबद्दल फार आदर वाटे.

एका संध्याकाळी अमरावती रोडने मी असाच ताठ मानेने येत होतो. एक ट्रक मागे येत होता, म्हणून मी बाजूला झालो, आणि जिथे झालो तिथे नाली होती. पाय मुरगळला. एक्स-रे निघाला, पट्टी बसली, पुढचे काही दिवस गोदामात जायला-यायला ऑटो लागला. डब्याचा आवाज हळूहळू कमी होत गेला आणि शेवटी त्यात फक्त झाकणाचा आवाज उरला. जी बचत करायला मी पायी निघालो होतो, ती माझ्या पायातच गेली.

पाय पाटावर ठेवून पडलेलो असताना विहीणबाईंचा पुन्हा फोन. या वेळी व्हिडिओवर. "बघू तरी मयुराची खोली! जरा वेळाने करते हं, तुम्ही तयार राहा."

इंदू म्हणाली, "म्या नाई या फंदात." आणि ती भाजी निवडायला बसली. मी लंगडत शालिकरामांकडे गेलो. त्यांच्या आतल्या खोलीत एसीच्या बरोबर खाली पलंगावर बसलो, मागे देवाचं कॅलेंडर येईल असा कोन साधला आणि फोन घेतला.

"वा! छान गार दिसतंय," विहीणबाई म्हणाल्या. खोली गार दिसते कशी, हे मला कळलं नाही, पण मी मान डोलावली. तेवढ्यात आंघोळ करून शालिकराम बनियन-टॉवेलवर आत आले, त्यांनी कपाट उघडलं, आपला शर्ट काढला, कॅमेऱ्याला नमस्कार केला आणि निघून गेले.

"हे कोण हो?"

"हे... हे एसीवाले. सर्व्हिसिंगला आले आहेत."

"टॉवेलवर?"

"आमच्याकडे उन्हाळ्यात असंच काम करतात," मी म्हणालो आणि नेटवर्क गेल्याचा अभिनय केला.

त्या दिवशी माझं तत्त्व मी स्वतः गुंडाळलं. घराण्याची अब्रू टॉवेलवर आल्यावर माणूस किती ताणणार? पाडव्याच्या आदल्या दिवशी मी आणि इंदू जरीपटक्याच्या बाजारात एका मोठ्या दुकानात गेलो. 'शून्य टक्के व्याज' असा फलक होता, त्यावर फुगे होते. एसी पसंत झाला. मग आम्हाला कोपऱ्यातल्या टेबलावर पाठवलं. तिथे कर्ज देणारी रीना नावाची चुणचुणीत मुलगी होती.

मी खुर्चीत जरा रेलूनच बसलो. आयुष्यभर कोणाचा एक रुपया थकवला नाही, असं गिऱ्हाईक तिला रोज कुठे मिळणार होतं! तिने माझा पॅन नंबर कॉम्प्युटरवर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा टाकला.

"काका, तुमचा स्कोरच येऊन नाही राहिला."

"म्हणजे चांगला आहे?"

"म्हणजे नाहीच आहे. तुम्ही आजपर्यंत काही कर्ज घेतलं? क्रेडिट कार्ड? बाइक? मोबाइल?"

"एकही नाही!" मी आजूबाजूच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो.

"मग प्रॉब्लेम आहे," रीना हळहळून म्हणाली. "तुम्ही परत करता की नाही, हे सिस्टीमला कसं समजणार?"

"पण मी घेतलंच नाही, तर बुडवणार कसा?"

"तेच तर, काका. सिस्टीमसाठी तुम्ही नाहीच आहात."

सत्तावन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षांची नोकरी, मतदार यादीत नाव, गणेश मंडळाचा खजिनदार, आणि मी नाहीच! इंदू तोंडाला पदर लावून बसली होती. मला वाटलं माझ्या अपमानाने तिला रडू येतंय. ती हसत होती.

घरी आल्यावर शालिकरामांनी आपला स्कोर मोबाइलवर काढून दाखवला. तो इतका उत्तम होता की खाली हिरव्या अक्षरांत त्यांचं अभिनंदन केलेलं होतं. गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला हा माणूस सिस्टीमच्या डोक्यावर नाचत होता.

"माह्या नावानं घ्या म्हटलं असतं," ते म्हणाले, "पन माही लिमिट खुर्चीत गेली. तुमी असं करा, आधी लहानशी वस्तू हप्त्यावर घ्या. एखाद-दुसरा हप्ता टायमावर भरा. मंग तुमी जगात याल."

रीनाचाही हाच सल्ला होता. म्हणून माझ्या पत निर्माण योजनेचा शुभारंभ मी मिक्सरने केला. एसीसाठी मिक्सर घेणारा माणूस नागपुरात मी एकटाच असेन. कागदांवर सह्या झाल्या, आधार लागला, बोटाचा ठसा लागला, ओटीपी आला, तो मी चष्मा विसरल्यामुळे चुकीचा सांगितला, दुसरा आला. रीनाने टाळी वाजवून "अभिनंदन काका" म्हटलं आणि मी मिक्सर बगलेत मारून घरी आलो.

इंदूने लगेच शेंगदाण्याची चटणी वाटली. मी एक घास घेतला आणि थांबलो. ही चटणी माझी नव्हती. निदान हा मिक्सर तरी माझा नव्हता. मला सारखं वाटत होतं की कोणी तरी दारावर येईल आणि गल्लीतल्या सगळ्यांसमोर 'ओ मनोहरराव, पैसे' म्हणून हाक मारेल. मी खिडकी लावून घेतली. इंदू म्हणाली, "पयला हप्ता पुढच्या महिन्यात हाये." पण ज्याला उधारीची सवय नाही त्याला महिना फार मोठा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामातून पगाराची उचल घेतली, ती आपल्याच कष्टाची म्हणून उधारीत धरली नाही, आणि कर्जवाल्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन उभा राहिलो.

"पैसे भरायचे आहेत," मी म्हणालो.

"कितवा हप्ता थकला?" खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं.

"एकही नाही. पहिला अजून यायचा आहे. सगळेच घेऊन टाका."

त्याने मान वर केली. मग आतल्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. तिथे पैसे बुडवणाऱ्यांसाठी सगळी व्यवस्था होती. परत करायला आलेल्या माणसासाठी काहीच नव्हती. कर्ज लवकर मिटवण्याचं कारण कॉम्प्युटरवर निवडावं लागत होतं. वस्तू नादुरुस्त, बदली, कर्जदार मयत अशी कारणं होती. स्वाभिमान हे कारण नव्हतं. साहेबांनी 'इतर' निवडलं, पैसे घेतले, आणि मी छाती पुढे काढून बाहेर पडलो. मधे थांबून तर्री-पोहे खाल्ले, कारण आता मी मोकळा माणूस होतो.

ही छाती मी रीनाच्या टेबलापर्यंत तशीच नेली. "झालं सगळं चुकतं! आता पाहा माझा स्कोर."

तिने पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "काका, हे काय केलं तुम्ही? तीन दिवसांच्या आत परत केलं की कर्ज घेतलंच नाही असं धरतात. कॅन्सल झालं ते. तुम्ही पुन्हा नाहीच आहात!"

मग मात्र मी खचलो. एप्रिल अर्धा संपला होता. दुपारी आमच्या गल्लीत कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. रात्री मयुराचा फोन आला आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला, "बाबा, त्या दिवशी तुम्ही शालिककाकाच्या खोलीत होते ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मले ते कॅलेंडर ओळखू येते," ती म्हणाली. आधी हसली, मग तिचा आवाज बारीक झाला. "मी सासूबाईंना काही बोलली नाही. पण डॉक्टर पण तेच म्हणून राहिले, गरमी नको. मले तिथंच यायचं आहे बाबा. आईजवळ. नाही जमलं तर राहू द्या, मी समजून घेईन."

पोरीने 'समजून घेईन' म्हणावं, यासारखं बापाला बोचणारं दुसरं काही नसतं. रीनाच्या कॉम्प्युटरने नाही म्हटलं तेव्हा मला राग आला होता. आता नुसतं वाईट वाटलं. फोन ठेवून मी बराच वेळ बिनएसीच्या त्या खोलीत बसून राहिलो.

इंदू आली. "शनवारी भिशी हाये," ती म्हणाली. "पंचफुलाबाईच्या घरी. या अन् नंबर मांगा."

आता भिशी हा प्रकार मला माहीत होता, पण चिवड्याच्या अंगाने. गल्लीतल्या पंधरा-सोळा बायका महिन्यातून एकदा जमतात, चिवडा खातात, जो घरी नाही त्याच्याबद्दल बोलतात. प्रत्येकजणी ठरलेली रक्कम टाकते, जिचा नंबर लागतो ती सगळी उचलून नेते आणि पुढे भरत राहते. याला मी आजवर बायकांचा वेळ घालवायचा कार्यक्रम समजत होतो, आणि तसं बोलूनही दाखवत होतो.

"म्हणजे पयला नंबर घ्यायचा? ती तर उधारीच झाली!" मी म्हणालो. "दुसऱ्यांचे पैसे आधी उचलायचे!"

"अन् आपला फ्रिज कसा आला?" इंदूने विचारलं.

"साठवून."

"भिशीच्या पयल्या नंबरानं आला. कपाट दुसऱ्या नंबरानं. तुमची स्कूटर आली त्या वर्षी तं मी दोन नावं लावली होती."

"पण तू म्हणायची, साठवले म्हणून!"

"साठवलेच नं. वस्तू आनल्यावर साठवले."

माझ्या तत्त्वावर मी वीस वर्षं बसून फिरलो होतो, आणि ती स्कूटर उधारीची निघाली. मी म्हणालो, मग एसीचंही तूच माग. त्यावर ती ठाम. भिशीत नंबर चिठ्ठीने निघतो, पण कोणाकडे लग्न किंवा बाळंतपण असेल तर त्या घराला चिठ्ठीशिवाय नंबर देतात. नियम एकच : ज्याची गरज, त्याने सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने मागायचं. "फ्रिज मले पायजे होता, म्या मांगतला," इंदू म्हणाली. "एसी तुमी सांगतला विहीनबाईले. तुमी मांगा."

शनिवारी मी धुतलेला शर्ट घालून पंचफुलाबाईंकडे गेलो. एसी चालू होता. विजेच्या खुर्चीत चिवड्याचं पातेलं बसवलेलं होतं. भोवती बायका. शालिकराम दारातल्या पायरीवर एकटेच बसलेले होते.

"तुमी काहून बाहेर?" मी हळूच विचारलं.

उत्तर आतून पंचफुलाबाईंनी दिलं. "आमच्या मालकायले नाई घेत आमी भिशीत. त्यायचा भरोसा नाई." ज्याचं अभिनंदन सिस्टीम हिरव्या अक्षरांत करत होती, त्याला त्याची बायको चिवड्याजवळ फिरकू देत नव्हती.

मी मधोमध उभा राहिलो. मी भाषण तयार करून आणलं होतं. काटकसरीचं महत्त्व, ऋण आणि माणूस, असे त्यात मुद्दे होते. "भगिनींनो," मी सुरुवात केली, "आजवर मी कधी कोणापुढे..."

"भाऊजी," पंचफुलाबाई म्हणाल्या, "पायजे का नाई?"

मी भाषणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. गोदामात शंभर हमालांवर ओरडणारा मी, पण एवढा एक शब्द निघेना. मग मयुराचा तो बारीक झालेला आवाज आठवला.

"पायजे," मी म्हणालो. "माही पोरगी येऊन राहिली."

आता विचारतील, पगार किती, आधी काय घेतलं, हमी कोणाची. मी उत्तरं जुळवू लागलो.

"कितवा महिना?" कोपऱ्यातल्या एका आजीबाईंनी विचारलं.

"सातवा संपत आला."

"पायावर सूज हाये का?" "बीपी म्हनत होती इंदू." "कूलरच्या खोलीत नका ठेवू हो तिले, ओल धरते." "डिंक कोनत्या दुकानातून आनला?" सगळ्या एकदम बोलायला लागल्या, आणि या गडबडीत पैशांचं कोणी काही विचारलंच नाही. काजल म्हणून गल्लीतली एक नवी सून होती. त्या महिन्याची चिठ्ठी तिच्या नावाची निघाली होती म्हणे, वॉशिंग मशीनसाठी. ती म्हणाली, "माझं पुढच्या महिन्यात होईल. एवढे दिवस हातानं धुतले, अजून एक महिना धुईन." पंचफुलाबाईंनी पैशांचं पुडकं माझ्या हातात ठेवलं आणि वर वाटीभर चिवडा दिला. मला रीनाच्या टेबलावरचे ठसे, ओटीपी, सह्या सगळं आठवलं. इथे एकही कागद नव्हता. मी ते पुडकं दोन्ही हातांनी धरून घरी आलो. लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी.

एसी आला, पण सुखासुखी लागला असता तर तो माझा एसी कसला! आमच्या मीटरवर एवढा भार चालणार नाही असं फिटिंगवाला म्हणाला. भार वाढवायला गेलो तर मीटर अजून वडिलांच्या नावावर, आणि खिडकीवरची बाई म्हणाली, "मीटरमालकाला सहीसाठी आणा." मी म्हणालो, ते वारले, बारा वर्षं झाली. "मग त्यांनी बारा वर्षं बिल कसं भरलं?" तिने संशयाने विचारलं. मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, फोटो असं करत करत मयुरा यायच्या आदल्या दिवशी काम झालं. बाहेरचं यंत्र लावायला आमच्याकडे जागा नव्हती, ते शालिकरामांच्या भिंतीवर लावावं लागलं. ते म्हणाले, "लावा गा. या भिंतीवर तेवढीच एक वस्तू बिनहप्त्याची."

मयुराला सोडायला विहीणबाई स्वतः आल्या. पोरगी दारातूनच इंदूच्या गळ्यात पडली आणि दोघी उगाच रडल्या. विहीणबाई खोलीत गेल्या, वर पाहिलं. एसीवरचा कंपनीचा कागद अजून चिकटलेला होता.

"सहा वर्षांच्या मानाने नवा ठेवलाय हो," त्या म्हणाल्या.

मी मयुराकडे पाहिलं, इंदूकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. नाली, मिक्सर, मयत कर्जदार, भिशी, काहीही न गाळता. विहीणबाई ऐकत राहिल्या. मग पलंगावर टेकून म्हणाल्या, "आमच्याही एसीचे चार हप्ते बाकी आहेत. मी विचारलं ते सुनेच्या काळजीने हो. तुम्ही एवढे घाबरलात?" आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की भिंतीपलीकडून शालिकरामांनी "काय झालं?" म्हणून विचारलं.

मे महिना त्या खोलीत गेला. दुपारी गल्लीतल्या बायका पापड-कुरड्यांची पिठं घेऊन तिथेच येऊन बसायच्या. माझा एसी आहे असं मी म्हणायला जाई आणि आवरतं घेई, कारण खोलीत बसलेल्या प्रत्येकीचा त्यात वाटा होता. एक तारीख आली की पंचफुलाबाईंकडे रक्कम नेऊन द्यायला मी स्वतः जाऊ लागलो. इंदू म्हणते, दोन दिवस आधीच जातात.

जूनमध्ये नात झाली. मयुरा सुखरूप, बाळ सुखरूप. नातीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला काही सुचलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मला नेहमी काहीतरी सुचतं.

बारशाच्या दोन दिवस आधी बायका बाळाला पाहायला जमल्या होत्या. पंचफुलाबाई म्हणाल्या, पोळ्यापासून दुसरी भिशी बसवून राहिलो, कोणाकोणाची नावं घ्यायची? मी दारातून म्हणालो, "एक आमचं घ्या."

"पयला नंबर पायजे का, भाऊजी?"

"शेवटचा."

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. "शेवटचा नंबर कोनी मांगत नाई," पंचफुलाबाई म्हणाल्या. "सारं वर्स भरत राहावं लागते, अन् हाती कायच येत नाई."

"मालूम हाये. पण तो माह्यासाठी नाई, नातीसाठी हाये. तिले काई घाई नाई."

बाळ मयुराच्या मांडीवर मुठी आवळून झोपलं होतं. पंचफुलाबाईंनी विचारलं, "नाव काय लावू?"

नाव कुठे ठरलं होतं! विहीणबाईंनी नाशिकहून एक कळवलं होतं, इंदूच्या मनात दुसरं होतं, मयुरा आणि जावईबापूंचं तिसरंच. मी म्हणालो, "थांबा दोन दिवस. बारसं होऊ द्या."

"थांबायचं कायले?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "मनोहररावची नात एवढं लावलं तरी पुरते. भरोसा बसते तेवढ्यावर."

मी एसी जरा कमी करतो म्हणून आत वळलो आणि रिमोटच्या ऐवजी रुमाल शोधू लागलो.